कापणाऱ्या आकाराला थांबायची जागा सांगणे: फ्रीकॅडमधील वजाबाकीच्या क्रियांसाठी नवशिक्यांचे मार्गदर्शन

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत काम करणारी, दांडिया बाजार आणि रावपुरा भागात राहणारी काही मराठी मुले संध्याकाळी माझ्याकडे थ्रीडी मॉडेलिंग शिकायला येतात. लेथवर किंवा मिलिंग मशिनवर त्यांचा हात बसलेला असतो, त्यामुळे धातू कसा निघतो हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. अडचण येते ती संगणकासमोर बसल्यावर. मशिनवर ड्रिल किती खाली गेले हे डोळ्यांना दिसते आणि भिंत फुटताच हाताला ते जाणवते. पडद्यावरच्या कापणाऱ्या आकाराला मात्र कोठून सुरुवात करायची, कोणाला कापायचे आणि कोठे थांबायचे हे सगळे आपणच सांगायचे असते. त्यातले काही सांगायचे राहिले, तर सॉफ्टवेअर आपल्या ठरलेल्या रीतीने वागते आणि ती रीत आपल्या मनातल्या हेतूशी जुळेलच असे नाही.

हा धडा मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका लहान गिअरबॉक्सच्या हाउसिंगला तेलाची पातळी पाहण्यासाठी समोरच्या भिंतीत एक भोक द्यायचे होते. घाईत मी ते भोक आरपार ठेवले, त्यामुळे मॉडेलमध्ये समोरच्या भिंतीबरोबर मागची भिंतही कापली गेली, आणि ड्रॉइंग मॉडेलवरूनच काढलेले असल्याने कारागिराने कागदावर होते ते प्रामाणिकपणे केले. चार कास्टिंग्जना मागच्या बाजूने भोक पडले. चूक केवळ एका पर्यायाची होती, आणि पुढे दिलेल्या पद्धतीतला बराचसा भाग त्या चुकीतूनच तयार झाला आहे.

येथे मी फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर घेतले आहे. ते मुक्त परवान्याचे असल्यामुळे विद्यार्थ्याला घरच्या संगणकावर एक पैसाही न देता वापरता येते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून ते कामाच्या दृष्टीने बरेच भरवशाचे झाले आहे. आज्ञांची नावे आवृत्तीनुसार थोडी बदलतात, पण त्यांच्यामागचा विचार बदलत नाही.

हत्यार, जॉब आणि क्रम

वजाबाकीत सातातून तीन काढणे आणि तिनातून सात काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकारांच्या वजाबाकीतही तसेच आहे. ज्यातून काढायचे त्याला आपण वर्कशॉपच्या भाषेत जॉब म्हणू आणि जो आकार काढून घेतो त्याला हत्यार म्हणू. फ्रीकॅडच्या 'पार्ट' वर्कबेंचमध्ये (वर्कबेंच म्हणजे एका प्रकारच्या कामाच्या आज्ञांचा संच) 'कट' ही आज्ञा देताना जो आकार आधी निवडाल तो जॉब ठरतो आणि जो नंतर निवडाल तो हत्यार ठरतो. नवशिक्याने पेटीतून सिलिंडर कापायला जावे आणि हातात सिलिंडरचाच उरलेला तुकडा यावा, असे घडते ते निवडीचा क्रम उलटा झाल्यामुळे.

'पार्ट डिझाइन' वर्कबेंचमध्ये हा गोंधळ होत नाही, कारण तिथे एक 'बॉडी' असते आणि तिच्यात क्रिया एकावर एक रचल्या जातात. 'पॅड' ही क्रिया भर घालते. 'पॉकेट', 'होल', 'ग्रूव्ह' आणि 'सबट्रॅक्टिव्ह' या शब्दाने सुरू होणाऱ्या साऱ्या क्रिया साहित्य काढून घेतात. येथे एक नियम मनात पक्का बसवावा लागतो, तो असा की प्रत्येक कापणारी क्रिया झाडात, म्हणजे क्रियांच्या क्रमवार यादीत, तिच्या आधी असलेल्या साहित्यालाच कापते. तिच्यानंतर घातलेली भर तिला दिसत नाही. आधी भोक पाडले आणि मग त्याच जागी बॉस, म्हणजे उंचवटा, उभारला, तर भोक बुजते. सॉफ्टवेअर कोणतीही चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.

कापण्याची क्रिया पूर्ण सांगायची म्हणजे तिची सुरुवात, दिशा, थांबण्याची जागा, तिने कापायची बॉडी आणि झाडातला तिचा क्रम, एवढे सांगावे लागते. यांपैकी थांबण्याच्या जागेविषयी मी सर्वांत जास्त आग्रही आहे. जिथे हेतू सांगता येतो तिथे केवळ आकडा सांगू नये, कारण उद्या भिंतीची जाडी बदलली की आकडा तसाच राहतो आणि हेतू मोडतो.

नमुना: एक साधे हाउसिंग

आपण वरून उघडी असलेली एक पेटी करू. बाहेरून लांबी १४० मि.मी., रुंदी १०० मि.मी., उंची ८० मि.मी., आणि भिंती व तळ ६ मि.मी. जाडीचे. दोन्ही टोकांच्या भिंतींना ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग बसेल. या बेअरिंगचा आतला व्यास २० मि.मी., बाहेरचा ४७ मि.मी. आणि रुंदी १४ मि.मी. असते. समोरच्या भिंतीत तेलाच्या काचेसाठी २० मि.मी.चे भोक आणि वर झाकणासाठी चार कोपऱ्यांत एम६ चे आटे, एवढे काम आहे. हा नमुना मुद्दाम निवडला आहे, कारण यातली प्रत्येक वजाबाकी वेगळ्या ठिकाणी थांबते.

नवी फाइल उघडून 'पार्ट डिझाइन'मध्ये बॉडी तयार करा. एक्सवाय (आडव्या) पातळीवर मूळ बिंदूभोवती सममित असा १४० बाय १०० चा आयत काढा आणि त्याला ८० मि.मी.चे पॅड द्या. आयत सममित ठेवणे ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नाही. मधली पातळी मूळ बिंदूतून गेली की पुढची कापाकापी फार सोपी होते.

पोकळी कोरताना

नवशिके बहुतेक वेळा पेटीच्या वरच्या पृष्ठावर स्केच (सपाट आकृती) काढतात आणि ७४ मि.मी. खोलीचे पॉकेट देतात, म्हणजे तळाला ६ मि.मी. उरतात. आज हे बरोबर दिसते. उद्या उंची ९० मि.मी. झाली, तर पॉकेट वरच्या पृष्ठापासून ७४ मि.मी.च उतरते आणि तळ १६ मि.मी. जाड होतो. उंची ७० मि.मी. केली तर पॉकेट तळ फोडून बाहेर जाते. आपल्याला ७४ हा आकडा कधीच हवा नव्हता. तळ ६ मि.मी.चा हवा होता.

म्हणून स्केच तळाच्या बाजूने काढा. नवे स्केच एक्सवाय पातळीला जोडा आणि त्याच्या 'अटॅचमेंट ऑफसेट'मध्ये झेड दिशेला ६ मि.मी. द्या. त्यावर १२८ बाय ८८ चा आयत, कोपऱ्यांना १० मि.मी. त्रिज्या. आता पॉकेट घ्या, प्रकार 'थ्रू ऑल', म्हणजे आरपार, ठेवा आणि 'रिव्हर्स्ड' या चौकटीत खूण करा. ही खूण का लागते ते नीट समजून घ्यावे. पॅड स्केचच्या समोरच्या दिशेने वाढते आणि पॉकेट त्याच्या उलट दिशेने उतरते, कारण पॉकेटसाठीचे स्केच जॉबच्या बाहेरच्या पृष्ठावर असते हे सॉफ्टवेअर गृहीत धरते. आपले स्केच तळापाशी आहे आणि काप वर जायला हवा, म्हणून दिशा उलटवावी लागते. खूण केली नाही, तर वरचा गाभा जसाच्या तसा राहून तळच कापला जाईल. असे झाल्यास घाबरून स्केच पुन्हा काढण्याची गरज नाही, फक्त दिशा पाहा.

आता उंची कितीही करा, तळ ६ मि.मी.चाच राहतो. हेच काम सूत्र लिहूनही होते: खोलीच्या रकान्याच्या टोकाला असलेल्या निळ्या गोल चिन्हावर क्लिक करून पॅडच्या लांबीतून ६ मि.मी. वजा करावेत, असे सूत्र देता येते. दोन्ही मार्ग योग्य आहेत, पण काप कोठून सुरू होतो हे बदलूनच प्रश्न सुटत असेल तर मी सूत्राच्या वाटेला जात नाही, कारण सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी ती फाइल उघडली की सूत्र शोधावे लागते आणि स्केचची जागा मात्र लगेच दिसते.

कोपऱ्यातले खांब

झाकणाच्या बोल्टसाठी कोपऱ्यांत १६ मि.मी. व्यासाचे चार खांब हवेत. एक्सवाय पातळीवर मध्यापासून एक्स दिशेने ५८ आणि वाय दिशेने ३८ मि.मी. अंतरावर, चारही कोपऱ्यांत वर्तुळे काढून पॅड द्या. त्याची उंची पहिल्या पॅडच्या लांबीला सूत्राने बांधा. हे खांब भिंतीत २ मि.मी. शिरतात, आणि ते तसे शिरायलाच हवेत. केवळ स्पर्श करणारे आकार पुढे त्रास देतात.

हे काम पोकळी कोरल्यानंतरच का केले? खांब आधी उभारले असते तर पोकळी कोरताना तेही वजा झाले असते. क्रम चुकलाच, तर सगळे पुसून पुन्हा करू नका. झाडात त्या क्रियेवर उजवे क्लिक करून 'मूव्ह ऑब्जेक्ट आफ्टर अदर ऑब्जेक्ट' ही आज्ञा द्या आणि तिला योग्य क्रियेच्या मागे न्या. मध्येच नवी क्रिया घालायची असेल तर आधीच्या क्रियेवर 'सेट टिप' करा (टिप म्हणजे बॉडी जिथपर्यंत दाखवली जाते ती क्रिया), नवी क्रिया जोडा आणि मग टिप पुन्हा शेवटच्या क्रियेवर आणा. टिप परत आणायला विसरले की मॉडेल अर्धेच दिसते, आणि नवशिक्याला वाटते की फाइल खराब झाली.

क्रमाचे आणखी एक उदाहरण येथेच सांगतो. काही जण पोकळीसाठी 'थिकनेस' ही क्रिया वापरतात, जी ठोस आकाराचे दिलेल्या जाडीचे कवच करते. ती चांगली क्रिया आहे, पण भोके आधी पाडून थिकनेस नंतर दिली, तर भोकाच्या गोल पृष्ठालाही भिंतीसारखी जाडी मिळते आणि पेटीच्या आत नळ्या उभ्या राहतात. आधी कवच, मग भोके, असाच क्रम ठेवावा.

बेअरिंगची बैठक

६ मि.मी.च्या भिंतीत १४ मि.मी. रुंदीचे बेअरिंग मावत नाही, म्हणून बाहेरच्या बाजूस बॉस हवा. वायझेड पातळीला स्केच जोडून ऑफसेट ७० मि.मी. द्या, म्हणजे ते टोकाच्या भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठावर येईल. तळापासून ४२ मि.मी. उंचीवर ६४ मि.मी. व्यासाचे वर्तुळ काढून १४ मि.मी.चे पॅड द्या. नंतर ८४ मि.मी. ऑफसेटवर दुसरे स्केच घ्या, त्याच केंद्रावर ४७ मि.मी. व्यासाचे वर्तुळ काढा आणि पॉकेट द्या.

येथे प्रकार 'डायमेन्शन' आणि खोली १४ मि.मी. हेच बरोबर आहे. बेअरिंगची रुंदी भिंतीच्या जाडीवर अवलंबून नसते, ती बेअरिंग बनवणाऱ्याने ठरवलेली असते, म्हणजे या ठिकाणी आकडा हाच हेतू आहे. मागे भिंतीचे ६ मि.मी. उरतात आणि बेअरिंगला टेकायला खांदा मिळतो.

मुले अनेकदा विचारतात की बैठकीचा व्यास ४७ ठेवायचा की थोडा मोठा. मॉडेलमध्ये ४७ च ठेवा. एच७ बसणी सांगितली असेल तर या व्यासाला शून्य ते अधिक ०.०२५ मि.मी. इतकी सूट मिळते, आणि ती ड्रॉइंगवर लिहायची असते, मॉडेलमध्ये ४७.०१ असा व्यास काढला, तर पुढे मूळ माप कोणते आणि सूट कोणती हे कोणालाच कळत नाही.

आता बॉस आणि बैठक या दोन्ही क्रिया निवडून 'मिरर्ड' द्या आणि आरशाची पातळी म्हणून वायझेड निवडा. दुसऱ्या टोकाला तेच काम आपोआप होते. पेटी सममित काढल्याचा हा फायदा आहे.

त्यानंतरच शाफ्टचे भोक घ्या. ८४ मि.मी. ऑफसेटच्या पातळीवर ३८ मि.मी.चे वर्तुळ काढून पॉकेट 'थ्रू ऑल' द्या. काप पहिला खांदा, मधली पोकळी आणि समोरचा खांदा असा सरळ पार जातो. ज्या पर्यायाने माझी चार कास्टिंग्ज वाया गेली तोच पर्याय येथे अत्यावश्यक आहे, कारण दोन्ही खांद्यांतली भोके एकाच काटेकोर रेषेत असावीत हाच आपला हेतू आहे आणि एकाच स्केचमधून निघालेला एकच काप तो पाळतो. दोन भिंतींना दोन वेगळी स्केचेस देऊन वेगळी भोके घेतली, तर कधी तरी एक स्केच हलते आणि दुसरे जागेवरच राहते. आरसा आधी आणि हे भोक नंतर, हा क्रमही पाळावा, म्हणजे दुसऱ्या टोकाला जे काही साहित्य उभे राहिले आहे त्या सगळ्यातून काप निःशंक जाईल.

तेलाच्या काचेचे भोक

एक्सझेड पातळीला स्केच जोडून ऑफसेट ५० मि.मी. द्या, म्हणजे ते समोरच्या भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठावर येईल. तळापासून ३० मि.मी. उंचीवर, मध्यावर २० मि.मी.चे वर्तुळ काढा.

'थ्रू ऑल' दिले तर मागची भिंतही जाईल. 'डायमेन्शन'मध्ये ६ मि.मी. दिले तर आज ठीक, पण भिंत ८ मि.मी.ची झाली की भोक आंधळे राहील. काही अनुभवी लोक ६ ऐवजी १० किंवा १५ देतात, कारण आत पोकळीच आहे. ही युक्ती चालते, मात्र आत एखादी रिब (आधाराची पट्टी) किंवा बॉस जवळ उभा असेल तर तिचा कोपरा नकळत कुरतडला जातो.

यासाठी 'टू फर्स्ट' हा पर्याय आहे. या पर्यायात काप साहित्यातून जात जात पहिली मोकळी जागा लागेपर्यंत पुढे सरकतो आणि तिथे थांबतो. आपल्या पेटीत तो समोरच्या भिंतीची आतली बाजू लागताच थांबेल, भिंत ६ ची असो वा ८ ची. मात्र 'पहिली मोकळी जागा' हे शब्द नीट लक्षात ठेवा: भिंतीला आतून चिकटून एखादा खांब उभा असेल, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो भिंतीचाच भाग आहे आणि काप त्यातूनही जाईल. एखाद्या नेमक्या पृष्ठापाशी थांबायचे असेल तर 'अप टू फेस' घेऊन ते पृष्ठ किंवा आधी काढलेली डेटम (संदर्भ) पातळी दाखवावी.

आणखी एक मार्ग आहे, आणि गोल नळीला एकाच बाजूने भोक पाडायचे असेल तेव्हा मला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो. स्केच बाहेरच्या पृष्ठावर न काढता मधल्या पातळीवर, म्हणजे नळीच्या अक्षातून जाणाऱ्या पातळीवर काढायचे आणि तिथून एकाच दिशेने 'थ्रू ऑल' द्यायचे. काप मध्यापासून निघाला आणि एकाच बाजूला गेला, म्हणजे दुसरी भिंत त्याच्या वाटेतच येत नाही. नळीच्या बाहेरच्या वक्र पृष्ठावर सपाट स्केच बसत नाही, ही अडचणही त्यामुळे टळते. दोन्ही बाजूंनी हवे असेल तर 'सिमेट्रिक टू प्लेन' करायचे.

आट्यांची भोके

एक्सवाय पातळीला स्केच जोडून ऑफसेट ८० मि.मी. द्या, त्यावर चारही खांबांच्या केंद्रांवर वर्तुळे काढून 'होल' ही क्रिया घ्या. ती वर्तुळाचे केंद्र घेते आणि त्याच्या व्यासाकडे दुर्लक्ष करते. व्यास संवादखिडकीत निवडलेल्या मापावरून ठरतो, हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण स्केचमधला व्यास बदलत बसतात. एम६, आटे असलेले, भोकाची खोली १६ मि.मी. आणि आट्यांची १२ मि.मी., एवढे पुरे. एम६ ला टॅप करण्यापूर्वी ५ मि.मी.चे ड्रिल लागते हे आपल्या मुलांना ठाऊकच असते, आणि क्रियेने तोच आकडा दाखवला की त्यांना सॉफ्टवेअरवर विश्वास बसतो.

स्केच पृष्ठाला जोडावे की पातळीला

या साऱ्या नमुन्यात मी एकही स्केच मॉडेलच्या पृष्ठाला जोडले नाही. सगळी मूळ पातळ्यांना ऑफसेट देऊन जोडली. यामागे कारण आहे. मॉडेलमधली पृष्ठे आणि कडा यांना सॉफ्टवेअर क्रमांक देते, आणि आधीची क्रिया बदलली की ते क्रमांक बदलू शकतात. मग सहाव्या पृष्ठाला जोडलेले स्केच अचानक भलत्याच पृष्ठावर जाऊन बसते आणि भोक नको त्या भिंतीत पडते. १.० आवृत्तीत या दोषावर मोठे काम झाले आहे आणि तो पुष्कळ कमी झाला आहे, तरी मूळ पातळ्या कधीच हलत नाहीत, म्हणून महत्त्वाच्या कापांसाठी मी त्यांनाच धरून राहतो. चॅम्फर (कड तिरपी कापणे) आणि फिलेट (कड गोल करणे) कडांनाच जोडावे लागतात, त्यामुळे ते झाडाच्या अगदी शेवटी ठेवावेत.

दोन बॉडी असताना

कधी कधी कापणारा आकार इतका गुंतागुंतीचा असतो की तो स्वतंत्र बॉडी म्हणून घडवणे सोयीचे जाते, जसे साच्यातली पोकळी. तेव्हा जॉबची बॉडी सक्रिय करा, हत्याराची बॉडी निवडा आणि 'बुलियन' या क्रियेत 'कट' द्या. यात सक्रिय बॉडीच कापली जाते, शेजारच्या बाकी बॉडींना धक्का लागत नाही. हत्याराची बॉडी जॉबच्या झाडात आत जाते आणि स्वतंत्र राहत नाही, म्हणून ती पुढे वेगळा भाग म्हणूनही लागणार असेल तर आधी तिची 'क्लोन' प्रत करून ती प्रत हत्यार म्हणून वापरा.

हत्याराचे पृष्ठ जॉबच्या पृष्ठाशी तंतोतंत एकाच पातळीत येऊ देऊ नका. ६ मि.मी. भिंतीला ६ मि.मी. लांबीच्याच सिलिंडरने कापले, तर दोन पृष्ठे एकमेकांवर चढतात, आणि हिशेबातल्या अतिसूक्ष्म फरकामुळे काप फसू शकतो किंवा सदोष पृष्ठ मागे राहू शकते. हत्यार दोन्ही बाजूंनी एखादा मिलिमीटर बाहेर निघेल इतके लांब ठेवावे. वर्कशॉपमध्येही ड्रिल भिंतीच्या पलीकडे थोडे निघू देतातच.

हत्यार गोल फिरवून कापायचे असेल तर 'ग्रूव्ह' आहे. संखेड्याचे कारागीर लेथवर लाकूड फिरवत त्यावर खाचा आणि गळे कोरतात, त्याचेच हे संगणकी रूप म्हणता येईल: अर्ध्या बाजूची बंद आकृती काढायची आणि ती अक्षाभोवती फिरवायची. ओ-रिंगच्या खाचेसाठी हीच क्रिया वापरावी. स्केचची रेषा अक्षाला ओलांडून पलीकडे गेली तर क्रिया फसते.

काप झाल्यावर जॉबचे दोन तुकडे पडले तर

पॉकेट दिल्यावर अनेक स्वतंत्र ठोस आकार तयार झाल्याचा संदेश आला, तर त्याचा अर्थ कापाने बॉडीचे तुकडे केले असा घ्यावा. पार्ट डिझाइनमधली बॉडी मुळात एकसंध भागासाठी आहे. १.० पासून बॉडीच्या गुणधर्मांत 'अलाऊ कंपाउंड' ही मोकळीक मिळते, पण ती लावण्यापूर्वी तुकडे खरोखर हवे आहेत का ते पाहा. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा ते नको असतात. काप जास्त लांब गेलेला असतो किंवा एखादा खांब भिंतीत न शिरता तिला फक्त स्पर्श करत असतो. तुकडे हवेच असतील तर 'पार्ट' वर्कबेंचमधली 'स्लाइस' ही क्रिया त्यासाठीच आहे.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांसाठी थोडेसे. सॉलिडवर्क्समध्ये एका पार्टमध्ये अनेक बॉडी असतील, तर कापाच्या क्रियेत 'फीचर स्कोप' उघडून कोणत्या बॉडी कापायच्या ते निवडता येते. तिथे सगळ्या बॉडींचा पर्याय तसाच ठेवून देऊ नये. फ्यूजनमध्ये 'ऑब्जेक्ट्स टू कट' ही यादी असते, आणि ज्या बॉडी पडद्यावर दिसत असतात त्या तिच्यात येतात, म्हणून नको असलेली बॉडी आधी लपवावी किंवा यादीतून खूण काढावी. इमारतींच्या कामासाठी रेव्हिट वापरणाऱ्यांना 'व्हॉइड' आकार भेटतो. फॅमिलीतला (म्हणजे वेगळ्या फाइलीत घडवलेल्या घटकातला) व्हॉइड प्रकल्पातल्या भिंतीला कापायला हवा असेल, तर फॅमिलीच्या गुणधर्मांत 'कट विथ व्हॉइड्स व्हेन लोडेड' लावावे लागते आणि प्रकल्पात 'कट जॉमेट्री' ही आज्ञा द्यावी लागते. त्याशिवाय व्हॉइड असूनही भिंत अखंड राहते.

वर्कशॉपला पाठवण्यापूर्वी

मॉडेल बाहेरून फिरवून पाहणे पुरेसे नाही. 'व्ह्यू' मेनूतील 'क्लिपिंग प्लेन' लावून पेटी मधून चिरा आणि प्रत्येक भोक कोठे थांबले ते आतून पाहा. तिन्ही दिशांनी पाहा, एकाच दिशेने नव्हे. 'पार्ट' वर्कबेंचमधली 'चेक जॉमेट्री' चालवा, म्हणजे सदोष पृष्ठे असतील तर कळतील.

याहून पक्की तपासणी घनफळाची आहे, आणि ती मी प्रत्येक मुलाकडून करून घेतो. काचेच्या भोकाची क्रिया देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर पायथन कन्सोलमध्ये बॉडीचे घनफळ विचारा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. २० मि.मी. व्यासाचे भोक ६ मि.मी. भिंतीतून गेले, तर सुमारे १,८८५ घन मि.मी. साहित्य कमी व्हायला हवे. ३,७७० च्या आसपास कमी झाले असेल तर मागची भिंतही गेली. १,८८५ हून थोडेसेच जास्त कमी झाले असेल तर आतल्या एखाद्या रिबला काप लागला आहे.

शेवटी मापे मुद्दाम बदलून पाहा. उंची ८० ची ९० करा, भिंत ६ ची ८ करण्यासाठी पोकळीचे स्केच लहान करा, आणि क्लिपिंग प्लेन पुन्हा लावा. तळ ६ मि.मी.चाच राहिला, काचेचे भोक समोरच्या भिंतीतून पूर्ण गेले पण मागच्या भिंतीला लागले नाही, बेअरिंगची बैठक १४ मि.मी. खोलच राहिली आणि शाफ्टचे भोक दोन्ही खांद्यांतून गेले, तर मापे पूर्ववत करून स्टेप फाइल (इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी मॉडेलची फाइल) काढा. आट्यांची भोके मात्र वेगळी तपासा: त्यांचे स्केच ८० मि.मी. ऑफसेटवर बसवलेले आहे, त्यामुळे पेटी ९० ची झाली की ते खांबाच्या पोटातच राहते. त्या ऑफसेटलाही पॅडच्या लांबीचे सूत्र द्या आणि मग पुन्हा एकदा ९० करून पाहा.